मंडळ, तालीम, अकादमी: खेळातली नीती, कप्तानी आणि शिस्त – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

गावातलं कबड्डी मंडळ, कुस्तीची तालीम, क्रिकेट अकादमी, शाळेचा संघ, यांपैकी काहीही चालवणाऱ्यांसाठी. पदाधिकारी, क्रीडाशिक्षक, वस्ताद आणि पालक जे प्रश्न सारखे विचारतात तेवढेच घेतले आहेत. काही उत्तरं कडक वाटतील. वाद पेटल्यावर केलेला नियम कुणालाच नियम वाटत नाही, तो आपल्याविरुद्ध टाकलेला डाव वाटतो. म्हणून खाली सांगितलेलं जवळजवळ सगळं हंगाम सुरू व्हायच्या आधी करून ठेवायचं आहे.

मुलाचं वय वर्षा-दीड वर्षानं कमी लावलं तर बिघडतं काय? सगळेच लावतात.

सगळे लावत नाहीत. जे लावत नाहीत त्यांची मुलं निवडीत मागे पडतात, आणि ती पुढे दिसत नाहीत म्हणून ‘सगळेच लावतात’ असं वाटतं. तेरा-चौदाव्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे उंची, वजन आणि ताकद यांत मोठीच तफावत. सोळा वर्षांचा मुलगा चौदाच्या गटात गोलंदाजी करतो तेव्हा समोरच्या मुलाला चेंडू दिसायच्या आधी हेल्मेटवर बसतो. कबड्डीत कोपरारक्षक दोन वर्षांनी मोठा असेल तर घोटा धरताना लहान चढाईपटूचा गुडघा जातो. ज्याचं वय चोरलं त्याचंही भलं होत नाही. तो चार वर्षं नुसत्या ताकदीवर जिंकतो, तंत्र शिकायची गरजच पडत नाही, आणि खुल्या गटात आल्यावर पहिल्या हंगामातच अडतो. प्रशिक्षक तेव्हा म्हणतात, ‘पोराचं डोकं फिरलं.’ डोकं जागेवर असतं. सोबतचे मागून येऊन त्याच्या बरोबरीला आलेले असतात, एवढंच.

राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात वयचोरीवर जाहीरपणे बोट ठेवलं होतं. २०२० मध्ये बीसीसीआयनं योजना आणली: खोटी कागदपत्रं दिल्याचं आपण होऊन कबूल केलं तर निलंबन नाही, खऱ्या वयोगटात खेळता येईल, लपवलं आणि सापडलं तर दोन वर्षं बंदी.

कागद तपासायचे कसे?

जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. बहुतेक जण पहिलीच वाचतात. वाचायची दुसरी. जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. नोंदणी जन्मानंतर लगेचची असेल तर दाखला सहसा खरा. मुलगा बारा वर्षांचा झाल्यावर, निवड चाचणीच्या तोंडावर नोंदणी झालेली दिसली तर थांबा. वर्षानंतरच्या नोंदणीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्याची प्रत मागा. नंतर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली पहिलीतल्या प्रवेशाची नोंद बघा, बोनाफाइड नव्हे. बोनाफाइड आज लिहून मिळतं, पहिलीच्या नोंदीत आज काही घुसडायचं तर खाडाखोड दिसते. शाळा बदलली असेल तर आधीच्या शाळेचा सोडल्याचा दाखलाही हवा. आधार कार्डावरची तारीख वयाचा पुरावा म्हणून धरू नका, ती पुष्कळदा तोंडी सांगितलेली असते.

हाडांच्या चाचणीचा (क्रिकेटमध्ये टीडब्ल्यू-३ पद्धत वापरतात) भरवसा किती? डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून तेरा हाडांच्या वाढीला गुण देतात आणि त्यावरून हाडांचं वय काढतात. ते हाडांचं वय आहे, जन्मतारीख नव्हे. लवकर वयात येणारा खरा चौदाचा मुलगा पंधरा-सोळाचा दिसू शकतो. तेव्हा कागद स्वच्छ असताना केवळ एक्स-रेवरून कुणाला खोटं ठरवू नका, आणि कागद संशयास्पद असताना एक्स-रेमुळे त्याला सोडूनही देऊ नका.

कबड्डीच्या किशोर गटात ५५ किलोची मर्यादा आहे, मुलगा ५९ आहे. चार दिवसांत वजनात बसवता येईल?

बसवता येईल, पण बसवू नये. चार दिवसांत उतरतं ते पाणी. मुलाला दोन दिवस उपाशी ठेवायचं, प्लास्टिकचा रेनकोट घालून भर दुपारी पळवायचं, थुंकायला लावायचं आणि काट्यावर चढवायचं, हा प्रकार जिल्ह्या-जिल्ह्यांत चालतो. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी शरीरातून गेलं की दम आणि लक्ष दोन्ही ढळतं. म्हणजे वजनात बसवलेला मुलगा मैदानात खेळतो तो स्वतःच्या सावलीसारखा. उन्हाळी स्पर्धेत यातून उष्माघात होतो.

आमचा नियम असा: सोळाच्या आतल्या मुलाचं वजन स्पर्धेसाठी उतरवायचंच नाही. वाढत्या वयात चार किलो वाढले म्हणजे मुलगा वाढला, तो आता वरच्या गटाचा. मोठ्यांमध्ये (कुमार गटात मुलांना ७०, मुलींना ६५ किलो) उतरवायचंच असेल तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून जास्त नको. ७२ किलोच्या मुलाला दोन किलोंसाठी तीन आठवडे धरा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. लघवी गडद पिवळी, उठताना अंधारी, पोटऱ्यांत गोळे, यांपैकी एकही दिसलं की त्या दिवशी सराव बंद, पाणी आणि मीठ-साखर सुरू.

लघवी होण्याच्या गोळ्या देणारे महाभाग आहेत. त्या गोळ्या वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धा असो वा नसो. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली, तेव्हा ‘एवढ्याशासाठी?’ असं सगळे म्हणाले. काट्यावर एवढंसं असं काही नसतं.

जिममधला पावडरचा डबा, देशी औषध, खोकल्याचं सिरप – यातलं काय चालतं?

सरळ उत्तर: खेळाडूच्या पोटात जे जाईल त्याला खेळाडू जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, माहीत होतं की नव्हतं, हे शिक्षा ठरवताना बघतात. दोष आहे की नाही हे ठरवताना बघत नाहीत. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादवचं उदाहरण तालमीत सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धवट. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या जेवणात कुणीतरी कालवलं, असा त्याचा बचाव होता. नाडाच्या (आपल्या देशातली उत्तेजकविरोधी संस्था) समितीनं तो मान्य केला. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं मान्य केला नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. घातपात झाला असं म्हणून भागत नाही, तो पुराव्यानिशी दाखवावा लागतो.

धोका सर्वांत जास्त कुठे आहे ते क्रमानं सांगतो. पहिला, सुटं विकलं जाणारं किंवा लेबल नसलेलं ‘वजन वाढवायचं’ चूर्ण. त्यात स्टेरॉइडची भेसळ असू शकते, आणि ‘आयुर्वेदिक’ हा शब्द काही प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. दुसरा, परदेशी नावाचे पण जिमवाल्याकडून बिलाशिवाय घेतलेले डबे. तिसरा कुणाच्या मनातही येत नाही: घरातलं खोकल्याचं सिरप. आपल्याकडच्या कितीतरी सिरपांमध्ये टर्ब्युटालिन असतं, ते सदासर्वकाळ प्रतिबंधित आहे. साल्ब्युटामॉल पंपातून ठरावीक मात्रेपर्यंत चालतं, सिरप किंवा गोळीतून चालत नाही. दुखऱ्या खांद्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही स्पर्धेच्या काळात अडचणीत आणतं.

करायचं काय? डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, ‘मी स्पर्धा खेळतो, चाचणी होते.’ औषधातले घटक नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपमध्ये तपासायचे. यादी दर १ जानेवारीला बदलते, तेव्हा गेल्या वर्षीच्या उत्तरावर विसंबू नका. औषध घ्यावंच लागणार असेल तर उपचारासाठी सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या आधी करा. पावडर घ्यायचीच असेल तर बिल ठेवा आणि त्याच बॅचचा एक न फोडलेला डबा बाजूला ठेवा. पुढे भेसळ सिद्ध करायची वेळ आली तर तोच पुरावा.

चाचणीला बोलावलं तर पळून जायचं नाही. नमुना न देणं हाही गुन्हा, आणि त्याला चार वर्षांपर्यंत बंदी आहे. किमान ९० मिली लघवी लागते, ती ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत खेळाडूच्या समोर सील होते. अठराच्या आतल्या मुलासोबत मोठं माणूस असू द्या; तो त्याचा हक्क आहे. आणि वस्तादांसाठी एक गोष्ट: खेळाडूला असं काही टोचणाऱ्या किंवा पुरवणाऱ्या माणसाची शिक्षा चार वर्षांपासून सुरू होते आणि आजन्म बंदीपर्यंत जाते.

कप्तान कोणाला करावं?

सर्वांत चांगल्या खेळाडूला करावं असं काही नाही, अध्यक्षांच्या मुलाला तर नक्कीच नाही. निवडताना तीन गोष्टी बघा. तो आऊट झाल्यावर किंवा पकडला गेल्यावर कसा परत येतो? राखीव खेळाडूंशी कसं बोलतो? आणि प्रशिक्षकाला ‘सर, हे बरोबर वाटत नाही’ असं म्हणू शकतो का? तिसरा गुण नसलेला कप्तान म्हणजे निरोप्या.

चौदाच्या आत कप्तान फिरता ठेवा, दर दोन-तीन सामन्यांनी बदला. सतराच्या पुढे हंगामभर एकच. कप्तानाला खरी कामं द्या: नाणेफेकीचा निर्णय, क्षेत्ररचना, सरावाच्या वेळेत उशिरा येणाऱ्याशी पहिली बोलणी. बाहेरून प्रत्येक चेंडूला ओरडून क्षेत्ररचना बदलणारा प्रशिक्षक कप्तान तयार करत नाही. तो स्वतःच खेळत असतो. क्रिकेटच्या नियमांतही सामना नियमांना आणि खेळभावनेला धरून चालवण्याची मुख्य जबाबदारी कप्तानांवरच टाकली आहे, प्रशिक्षकाचं नाव त्यानंतर येतं.

अपील मागे घेणं म्हणजे भोळेपणा नाही का?

१९८० चा वानखेडेवरचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना. इंग्लंड ५ बाद ५८. बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या कप्तान गुंडाप्पा विश्वनाथला बॅट लागलेली दिसली नव्हती. त्यानं पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. भोळेपणा म्हणणारे तेव्हाही होते. आमच्या मते तो भोळेपणा नव्हता. स्लिपमधून जे दिसलं त्याबद्दल कप्तान खरं बोलला, बस्स.

रीत मात्र नीट माहीत असू द्या, कारण शालेय सामन्यांत यावरून गोंधळ होतो. अपील फक्त क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाचा कप्तान मागे घेऊ शकतो, तेही पंचांच्या संमतीनं आणि पुढचा चेंडू खेळात येण्याआधी. यष्टिरक्षकानं किंवा गोलंदाजानं ‘जाऊ दे’ म्हटल्यानं काही होत नाही.

आणि चेंडू सुटायच्या आधी क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला गोलंदाजानं धावबाद करणं?

नियमात बसतं, पूर्ण बसतं. १९४७ मध्ये सिडनीला विनू मांकडनं बिल ब्राउनला असं बाद केलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याचं नाव एखाद्या शिवीसारखं वापरलं गेलं. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं १ ऑक्टोबर २०२२ पासून ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या नियमातून काढून धावबादच्या नियमात टाकली. त्याच्या आठवडाभर आधी, २४ सप्टेंबरला, लॉर्ड्सवर दीप्ती शर्मानं चार्ली डीनला असंच बाद करून सामना संपवला होता. मांकडच्या नावावरून पडलेला शब्दच बंद करावा, असं सुनील गावसकर सांगत आले आहेत. आम्हीही इथे वापरत नाही.

मुलांना शिकवताना दोन गोष्टी. नॉन-स्ट्रायकरनं चेंडू सुटेपर्यंत बॅट क्रीजच्या आत टेकवून ठेवायची. सगळा प्रश्न तिथेच मिटतो. आणि गोलंदाजानं हात पूर्ण वर गेल्यावर थांबून बेल्स उडवल्या तर ते बाद नाही, पंच डेड बॉल देतात. ‘आधी ताकीद द्यावी का?’ हे आपल्या संघात हंगामाआधी ठरवा. ताकीद देण्याचं ठरलं तर प्रत्येक संघाला द्या, आवडत्या संघाला वेगळी वागणूक नको.

पंचांचा निर्णय उघड उघड चुकला. काय करायचं?

संघातल्या दोघांनीच बोलायचं: कप्तान आणि व्यवस्थापक. बाकीच्यांनी जागेवर उभं राहायचं. कबड्डीत हुज्जत घालणाऱ्याला हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. दोन मिनिटं सहा जणांनी खेळणं हे चुकीच्या एका गुणापेक्षा महाग पडतं. स्पर्धेच्या नियमावलीत लेखी तक्रारीची मुदत आणि शुल्क दिलेलं असतं. ते पान आणि तेवढे पैसे व्यवस्थापकाच्या खिशात असले पाहिजेत. तक्रारीत ‘अन्याय झाला’ असं लिहू नका. कितवं मिनिट, कोणती चढाई, गुणफलक काय होता, कोणत्या नियमाचा भंग, एवढंच लिहा.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षकाला आव्हानाची सोय असते: मॅटवर मऊ वस्तू टाकायची, पंच चित्रफीत बघतात, आव्हान चुकलं तर समोरच्याला एक गुण आणि पुढचं आव्हान गेलं. आपल्याकडे कुस्तीची मोठी मैदानं भरवणाऱ्यांनी ही सोय ठेवलीच पाहिजे. अहिल्यानगरला फेब्रुवारी २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत चितपटीच्या निर्णयावरून शिवराज राक्षेनं पंचांवर हात-पाय उगारले. त्याच्यावर आणि वेगळ्या प्रसंगात महेंद्र गायकवाडवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पंचांच्या अंगावर जाणं कुठल्याच सबबीनं माफ नाही. पण लाखांच्या बक्षिसाच्या, हजारो लोक बघत असलेल्या कुस्तीत पैलवानाला दाद मागायची चटकन वापरता येईल अशी वाट नसेल, तर आयोजकांनीही आपल्याकडे बघावं.

व्यवस्थापकाचं काम किती मोलाचं असतं याचं सगळ्यांत जुनं उदाहरण आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. १९५२, हेलसिंकी. जपानच्या शोहाची इशीईशी लांबलेली कुस्ती खेळून ते उतरले आणि लगेच सोव्हिएत पैलवान रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहायचं फर्मान आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. तो नियम दाखवून भांडायला मॅटपाशी एकही भारतीय अधिकारी नव्हता. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. तुमच्या संघाचा व्यवस्थापक सामना चालू असताना चहाच्या टपरीवर असेल, तर ही गोष्ट त्याला वाचून दाखवा.

समोरचा संघ फारच कच्चा असेल तर किती ताणायचं?

कल्याणला २०१६ च्या जानेवारीत भंडारी कपमध्ये एका संघानं ३ बाद १४६५ केल्या, त्यात एका मुलाच्या नाबाद १००९. समोरचा संघ ३१ आणि ५२ मध्ये बाद झाला होता. त्यांचे नेहमीचे खेळाडू परीक्षेच्या तयारीत होते आणि लहान मुलं उतरली होती. विक्रम करणाऱ्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याला खेळायला सांगितलं, तो खेळला. प्रश्न मोठ्यांना आहे: त्या लहान मुलांना दोन दिवस उन्हात चेंडू आणायला कशासाठी ठेवलं?

मर्यादा आधी ठरवा. शालेय क्रिकेटमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या धावसंख्येपेक्षा ३०० ची आघाडी झाली की डाव सोडायचा, असा नियम स्पर्धेच्या आयोजकांनीच घालावा. संघाच्या पातळीवर ठरावीक आघाडीनंतर खालच्या फळीला वर पाठवा, राखीव मुलांना खेळवा. कबड्डीत नव्या चढाईपटूला सलग चढाया द्या. मुद्दाम गुण सोडू नका; समोरच्याला ते लगेच कळतं आणि तो अपमान हरण्यापेक्षा जास्त लागतो.

‘मारल्याशिवाय पोरं घडत नाहीत’ – यावर काय म्हणणं?

घडलेले दिसतात, सोडून गेलेले दिसत नाहीत. शाळेच्या संघाला हा वादाचा विषयच नाही: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि क्रीडाशिक्षक शिक्षकच असतो.

तालमीतली शिक्षा म्हणजे बैठका. जुन्या पैलवानाला पाचशे बैठका हा नित्याचा व्यायाम. परवा आलेल्या मुलाला उशिरा आला म्हणून तेवढ्याच काढायला लावल्या तर मांड्यांचे स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर तेल लावत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. शिस्तीसाठी शिक्षा हवीच असेल तर खेळाशी जोडलेली पण शरीराला न मारणारी ठेवा: माती खणून भिजवणं, मॅट पुसणं, सामान आवरणं, पुढच्या सामन्यात राखीव बसणं. आणि ती अध्यक्षांच्या पुतण्यालाही द्या.

मुलींच्या संघासाठी वेगळं काय करावं लागतं?

बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत महिला व्यवस्थापक हवीच. ‘कोणी मिळालं नाही’ असेल तर संघ पाठवू नका. मुलगा असो वा मुलगी, एकटा प्रशिक्षक आणि एकटं मूल बंद खोलीत, गाडीत किंवा मालिशच्या टेबलापाशी नको. दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत, निरोप पालकही असलेल्या गटावर. रात्री खोली तपासायची तर महिला व्यवस्थापकानं. पाळीच्या दिवसांत सराव हलका करायचा का, हे मुलीनं सांगायचं. तिला सगळ्यांसमोर विचारू नका.

लैंगिक छळाची तक्रार आली तर दोन वेगळ्या वाटा आहेत. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) कायदा लागतो. संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मंडळानं आधी ‘आपल्या पातळीवर’ चौकशी करायची नाही, दोघांना समोरासमोर बसवायचं नाही, मुलीच्या घरच्यांना ‘नाव खराब होईल’ म्हणून समजवायला जायचं नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. सज्ञान महिला खेळाडू किंवा प्रशिक्षक असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा. त्यात क्रीडासंस्था, मैदान आणि स्पर्धेची जागा हे कामाचं ठिकाण म्हणूनच धरलं आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य संस्थेबाहेरचा. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन.

निवड चाचणीवर दरवर्षी आरोप होतात. कसे थांबवायचे?

आरोप थांबत नाहीत, कागद असला की टिकत नाहीत. निकष आठ दिवस आधी लावा. गुण देणारे किमान तिघे, प्रत्येकानं स्वतंत्र तक्त्यावर, एकमेकांचे न बघता. ज्याचा नातेवाईक चाचणीला आहे त्यानं त्या वयोगटापुरतं उठून जायचं आणि ते इतिवृत्तात लिहायचं. तक्ते त्याच दिवशी सह्या करून बंद पाकिटात. न निवडलेल्या मुलाला एक ओळ तरी सांगा: कशात कमी पडला.

सहभागाचं प्रमाणपत्र मागतात, देऊन टाकावं का?

खेळला असेल तरच. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीला वाढीव गुण असल्यामुळे या कागदाला किंमत आली आहे, आणि बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आली आहेत. कोरी, सही केलेली प्रमाणपत्रं कपाटात ठेवू नका. प्रत्येकावर अनुक्रमांक, तोच रजिस्टरमध्ये, आणि सोबत त्या सामन्याची गुणपत्रिका. पाच वर्षांनी पडताळणीचं पत्र आलं तर दहा मिनिटांत उत्तर देता आलं पाहिजे.

बक्षिसाचे पैसे वाटताना मंडळ फुटलं. योग्य पद्धत कोणती?

जाण्याआधी लिहून ठेवायची. समजा ५१,००० जिंकले. गाडी ९,०००, प्रवेश शुल्क ३,०००, जेवण ४,०००, उरले ३५,०००. बारा खेळाडू, प्रशिक्षक आणि मंडळ असे चौदा समान वाटे, प्रत्येकी २,५००. राखीव मुलाला पूर्ण वाटा, कारण तोही सुट्टी टाकून आला आहे. बाहेरून आणलेल्या खेळाडूला वेगळी रक्कम द्यायची ठरली असेल तर ती आकड्यासह सगळ्यांना आधी माहीत हवी. मंडळं पैशानं फुटत नाहीत, ‘त्याला गुपचूप किती दिले’ यानं फुटतात.

टेनिस क्रिकेटच्या आमच्या सामन्यांवर सट्टा लागतो म्हणे. आमचा काय संबंध?

सामना थेट दाखवला जातो तिथे सट्टा पोहोचतो, गाव लहान असलं म्हणून सुटत नाही. सामन्याच्या दिवशी खेळाडूंचे फोन व्यवस्थापकाकडे, थेट प्रक्षेपण करणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवलेला, आणि सीमारेषेवर दर चेंडूला फोनवर बोलणारा अनोळखी माणूस दिसला तर आयोजकांना सांगायचं. कुणी ‘पहिल्या षटकात वाइड टाक’ म्हणून विचारलं आणि मुलानं नाही म्हटलं, तरी काम अर्धंच झालं. ते कळवायला हवं. बांगलादेशचा क्रिकेटपटू शाकिब अल हसनवर २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी आली (त्यातलं एक वर्ष स्थगित). त्यानं सामना विकला नव्हता; सट्टेबाजानं संपर्क साधल्याचं त्यानं कळवलं नव्हतं.

पालक सीमारेषेवरून ओरडतात.

त्यांना गुणलेखन शिकवा आणि वही हातात द्या. विनोद नाही, काम होतं. तक्रार असेल तर सामना संपल्यावर दुसऱ्या दिवशी, मूल जवळ नसताना.

हे सगळं लिहायचं तर नियमावली किती मोठी होईल?

एक पान. मोठ्या अक्षरात, तालमीच्या किंवा कपडे बदलण्याच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला. वर तक्रार कुणाकडे करायची त्या दोन माणसांची नावं आणि फोन, त्यात एक बाई. मग वय, वजन, औषध, फोन, प्रवास, पैसे यांवर प्रत्येकी एक-दोन ओळी. ‘खिलाडूवृत्ती जोपासावी’ असली वाक्यं गाळा. ज्याचा भंग झाला की नाही हे सांगता येत नाही तो नियम लिहू नका. खाली सगळ्या खेळाडूंच्या सह्या, मग पालकांच्या, मग पदाधिकाऱ्यांच्या. वस्तादांची सही सर्वांत आधी घ्या, म्हणजे बाकीचे मागत बसत नाहीत.